रांगत्या मुलाचे घर आणि आपली शाळा

प्राथमिक शाळेत मूल सहाव्या वर्षी दाखल होते. त्यापूर्वीची वर्षे ते आपल्या हजेरीपटावर नसते. सबब त्या वर्षांत त्याचे काय होते हा प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा आहे, असे मानण्याकडे शिक्षकांचा कल असतो. सेवेच्या आरंभी माझीही समजूत अशीच होती. ती कशी मोडली हे पुढे ओघाने येईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तोच आहे : एक ते तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या घरात कोणकोणते धोके असतात, ते कमी कसे करता येतात, आणि या कामात गावच्या शिक्षकाचा नेमका वाटा कोणता.

गावात लहान मूल भाजले, पाण्यात पडले किंवा काही विषारी प्याले, की दोन उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला, ‘त्याच्या नशिबात होते’. दुसरा, ‘आईचे लक्ष नव्हते’. पहिल्याने कारणांचा शोध थांबतो आणि दुसऱ्याने तो चुकीच्या दिशेला लागतो. सकाळी सहापासून आठपर्यंत शेतकरी कुटुंबातील बाईला पाणी भरणे, गोठा, चूल, न्याहारी, शेतावर न्यावयाची भाकरी ही कामे एकाच वेळी उरकावयाची असतात. त्या दोन तासांत तिने डोळ्यांत तेल घालून मुलामागे फिरावे ही अपेक्षाच अवास्तव होय. लक्ष हवे हे खरेच. परंतु क्षणभर दृष्टी वळताच मूल संकटात सापडावे अशी ज्या घराची मांडणी आहे, ती मांडणी बदलणे हा अधिक भरवशाचा उपाय आहे. आपण एखाद्या मुलास गणित जमत नाही म्हणून केवळ ‘लक्ष दे’ असे बजावून थांबत नाही. चूक कोठे होते ते पाहतो. अपघाताच्या बाबतीतही तेवढाच विचार व्हावयास पाहिजे. प्रत्येक अपघाताला जागा असते, वेळ असते आणि कारणही असते.

याबाबत प्रथम मुलाचा स्वभावधर्म जाणून घेतला पाहिजे. मूल साधारणतः आठव्या-नवव्या महिन्यात रांगू लागते, वर्षाच्या सुमारास पाऊल टाकते आणि दीड वर्षाचे झाले की चढू लागते. दिसेल ते धरणे, धरले ते ओढणे आणि हाती आले ते तोंडात घालणे हा त्याचा खोडकरपणा नसून अभ्यास आहे. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी मुलाच्या या धडपडीला शिक्षणाचा पाया मानले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे हाच विचार खेड्यातील व आदिवासी पाड्यावरील मुलांपर्यंत नेला. बालशिक्षणाच्या या परंपरेतून आपण घ्यावयाचा बोध असा की, मुलाची हालचाल बांधून टाकणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. मुलाच्या पायाला लुगड्याचा पदर बांधून तो खाटेच्या खुराला अडकवण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती करणाऱ्या आईची निकड मला समजते. पण अशा बंधनात मूल शिकत नाही, आणि गाठ सुटली म्हणजे धोका पूर्वी होता तेथेच असतो.

घर तपासण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जमिनीवर बसणे. उभ्या माणसाला घर जसे दिसते तसे ते रांगत्या मुलाला दिसत नाही. ओट्याच्या कडेवरून डोकावणारा तव्याचा दांडा, टेबलावरून लोंबणारे कापड, खाटेखालची औषधाची बाटली, फडताळाच्या तळच्या कप्प्यातील फिनेल, भिंतीलगतचे विजेचे बटण, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली विळी, ही सर्व त्याच्या दृष्टीच्या रेषेत असतात. गतवर्षी एका केंद्रसंमेलनात मी शिक्षकांना वर्गातच जमिनीवर बसावयास लावून ‘हाताच्या अंतरावर काय दिसते’ ते लिहावयास सांगितले. आरंभी हशा झाला. परंतु शिक्षकाच्या खुर्चीमागील उघड्या तारा, कपाटाखाली सरकवलेली तणनाशकाची रिकामी बाटली आणि बाकाच्या फळीतून वर आलेले दोन खिळे एवढे जिन्नस निघाले, तेव्हा हशा थांबला. ती आपलीच शाळा होती.

आता आगीकडे व ऊन पाण्याकडे वळू. कारण माझ्या अनुभवात लहान मुलांचे सर्वाधिक हाल यातच झालेले आहेत. ज्वालेपेक्षाही उकळते पाणी, आमटी, दूध व चहा यांनी भाजण्याचे प्रसंग या वयात विशेष येतात. लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. त्यामुळे आपल्या हाताला जे पाणी केवळ चटका देते, तेच त्याला खोलवर जखम करते. साठ अंश सेल्सियसचे पाणी काही सेकंदांतच असा परिणाम घडवते. कपात ओतल्यानंतर पंधरा मिनिटे झालेला चहादेखील बालकाला पोळण्याइतका गरम असू शकतो. म्हणून मांडीवर मूल घेऊन चहा पिण्याची सवय सोडणे, हा पुरुषांनीही पाळावयाचा नियम आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण घरातील सुरक्षिततेचे सर्व उपदेश बायकांच्या वाट्याला जातात.

आंघोळीच्या पाण्यासंबंधी आपल्या भाषेत विसण हा सुंदर शब्द आहे. ऊन पाण्यात मिसळावयाचे गार पाणी ते विसण. बहुतेक घरांत प्रथम बादलीत कढत पाणी ओततात आणि मग विसणाची घागर आणावयास जातात. तेवढ्या अवकाशात मूल बादलीपाशी पोहोचते, काठ धरून उभे राहते आणि तोल जाऊन हात, छाती वा सबंध अंग आत जाते. हा क्रम उलटा करावा : आधी विसण, मग ऊन पाणी. यास एक पैसा लागत नाही. बंब किंवा चुलीवरचा हंडा न्हाणीपासून दूर असल्यास कढत पाणी नेण्याच्या वाटेवर मूल नाही हे पाहूनच हंडा उचलावा. विजेच्या कांबीने पाणी तापवणाऱ्या घरांत धोका दुहेरी होतो, कारण बादली जमिनीवर असते व तीत वीज खेळत असते. असे पाणी दार लावलेल्या न्हाणीतच तापवावे, कांब चालू असता पाण्याला हात लावू नये, आणि बटण बंद करून कांब काढल्यावरच दार उघडावे.

स्वयंपाक जमिनीवर बसून करण्याची पद्धत अद्याप पुष्कळ घरांत आहे. गॅस आला तरी शेगडी जमिनीवरच ठेवली जाते. त्यामुळे पूर्वीच्या चुलीची उंची आणि आजच्या शेगडीची ज्वाला असा दोन्हींचा धोका एकत्र येतो. शेगडी दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर घ्यावी आणि टाकी खाली उभी ठेवावी. ओटा बांधणे शक्य नसेल तर स्वयंपाकघराच्या दारात दोन-अडीच फूट उंचीची फळी खोबणीत बसवावी. मोठे माणूस ती ओलांडून जाते, मुलाला मात्र ती अडवते. सुताराकडून असे काम एका दिवसात होते. आईला दिसेल अशा बेताने मूल फळीच्या पलीकडे खेळू शकते. बांधलेले राहत नाही व एकटेही पडत नाही.

येथे मला १९९३ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोनशिक्षकी शाळेत मी नेमणुकीवर होतो. चौथीतील एक मुलगी दररोज आपल्या सव्वा वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येई. मूल रडे, वर्गाचे लक्ष विचलित होई. तपासणी जवळ आलेली होती. मी तिला सांगितले की, भावाला घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस. ती घरी गेली. आई खुरपणीला गेलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती ओरडत शाळेकडे धावत आली. तिच्या हातात मूल होते. चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बुडाला होता. मी प्रशिक्षित शिक्षक. मुलांना आरोग्याचा पाठ शिकवीत होतो. मी कपाटातून शाळेची शाईची दौत काढली आणि ती सबंध त्या हातावर ओतली, कारण माझ्या लहानपणी भाजल्यावर शाईच लावीत असत. शाळेपुढे हातपंप होता. त्याचे पाणी कोणी ओतले नाही. मी तर नाहीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांना ती शाई धुऊन काढल्याशिवाय जखम किती खोल आहे हेच दिसेना.

मुलाचा जीव वाचला. तीन बोटे मात्र आखडून तळहाताला चिकटली, ती पुढे शस्त्रक्रियेनंतरही पुरती उघडली नाहीत. मुलगी शाळेत परत आली नाही. मी दोन वेळा घरी गेलो. आईने मला चहा दिला आणि शाळेचा विषय निघताच ती उठून आत गेली. वार्षिक निकालपत्रकात त्या मुलीच्या नावापुढे मी ‘दीर्घ गैरहजर’ असा शेरा लिहिला. तो शेरा नियमास धरून होता.

तेव्हा भाजल्यास काय करावे हे प्रथम आपण शिक्षकांनीच पक्के केले पाहिजे. भाजलेल्या भागावर साधे, स्वच्छ, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. नळ नसेल तर तांब्याने संथपणे ओतीत राहावे. वीस मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, म्हणून घड्याळ पाहावे. बर्फ लावू नये. शाई, हळद, तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, शेण यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी उष्णता आत कोंडते, जंतू शिरतात आणि जखम झाकली जाते. अंगावरील कपडा, बांगडी, करगोटा काढावा. पण कापड कातडीला चिकटले असल्यास ओढू नये. फोड फोडू नयेत. उरलेले अंग गरम पांघरुणात ठेवावे, जखमेवर धुतलेला सुती कपडा सैल टाकावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे पाणी ओतणे रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना करावयाचे आहे, तिच्याऐवजी नव्हे.

पाण्यातील धोका वेगळ्या जातीचा आहे. भाजलेले मूल किंचाळते. बुडणारे मूल बहुधा आवाज करीत नाही. दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना ते डोक्याकडून आत जाते आणि त्याला उलट वर येता येत नाही. त्याचे नाक-तोंड बुडेल एवढे वीतभर पाणीसुद्धा प्राणघातक ठरते. म्हणून विहिरीला कठडा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. न्हाणीतील भरलेली बादली, अंगणातील टाकी, जनावरांचा हौद, जमिनीत पुरलेला रांजण हे सर्व मोजावे. वापर झाला की बादली पालथी घालावी. हौदावर व टाकीवर मूल उचलू शकणार नाही असे जड झाकण किंवा जाळी असावी. टंचाईच्या गावांत पाणी ओतून द्या असे कोणी ऐकणार नाही, व ते सांगणेही योग्य नव्हे. तेथे झाकणाचाच आग्रह धरावा.

अलीकडे शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर तर ती वस्तीलगतही दिसू लागली. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणारा प्रौढ मनुष्यही विना आधार वर येऊ शकत नाही. तारेचे कुंपण, कुलूप लावता येईल असे फाटक, आणि चारही बाजूंनी आत सोडलेले गाठींचे दोर व त्यांना बांधलेल्या हवा भरलेल्या ट्यूबा एवढी व्यवस्था प्रत्येक तळ्यावर असावी. सोडून दिलेल्या कूपनलिकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सविस्तर निर्देश दिलेले आहेत : खोदकामाभोवती कुंपण व सूचनाफलक, नळीच्या तोंडावर जोडकाम करून बसवलेले पोलादी झाकण, आणि वापरात नसलेली कूपनलिका माती-दगडांनी जमिनीपर्यंत भरून काढणे. पोते वा दगड ठेवून तोंड झाकलेली कूपनलिका आढळल्यास मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे व पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

बुडालेल्या मुलास बाहेर काढल्यावर त्याचे पाय धरून गरगर फिरवण्याची किंवा पोट दाबून पाणी काढण्याची चाल आहे. तीत मौल्यवान वेळ जातो आणि पोटातील पाणी फुप्फुसात शिरण्याचा संभव वाढतो. मूल श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे ठेवून तोंडाने श्वास देणे व छातीवर तालबद्ध दाब देणे हेच करावयाचे असते. हे वाचून येत नाही, हातानेच शिकावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना केंद्रसंमेलनात निमंत्रित करून बाहुलीवर त्याचा सराव करावा, अशी माझी सर्व केंद्रप्रमुखांना विनंती आहे.

विषबाधेचे मूळ बहुधा भांड्यात असते. कीटकनाशक, फिनेल, शौचकूप धुण्याचे आम्ल, रॉकेल, रंग पातळ करण्याचे द्रव्य हे पदार्थ मूळच्या डब्यातून शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय फार घातक आहे. मुलाला बाटली ओळखता येते, पट्टी वाचता येत नाही. बाटलीत सरबत असते असा त्याचा अनुभव असतो, आणि तो अनुभव आपणच त्याला दिलेला असतो. भांड्यांच्या या गोंधळाचे परिणाम शाळेपर्यंत येऊ शकतात. २०१३ सालच्या जुलै महिन्यात बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. आपापल्या शाळेतील तेलाचे डबे कोठून आले व पूर्वी त्यांत काय होते, हे ज्यास ठाऊक नाही अशा मुख्याध्यापकाने आजच चौकशी करावी.

घरात शेतीची औषधे कुलपात, स्वयंपाकघराबाहेर व मुलाच्या हातापेक्षा पुष्कळ उंच ठेवावीत. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. त्यात धान्य, पाणी वा तेल कधीही भरू नये. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या उशाखाली किंवा दिवळीत असतात. एकदोन गोळ्यांनीही लहान मूल अत्यवस्थ होऊ शकते. ‘गोड गोळी आहे’ असे सांगून औषध देऊ नये. देवघरातील कापूर व कपड्यांतील डांबरगोळ्या यांकडे कोणी विष म्हणून पाहत नाही, परंतु कापराचा लहानसा तुकडा खाल्ल्याने मुलाला झटके येतात. विषारी पदार्थ पोटात गेल्यावर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. रॉकेलासारखे पातळ द्रव्य ओकताना फुप्फुसात उतरते आणि खरी हानी तेथे होते. आम्ल असल्यास ते अन्ननलिका पुन्हा एकदा जाळते. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे व डबा किंवा बाटली सोबत घ्यावी. डॉक्टरांना अंदाजापेक्षा डब्यावरील नावाचा उपयोग अधिक होतो.

वनस्पतींविषयी शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण ती आपल्या अभ्यासक्रमातील बाब आहे. चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात व त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याचे प्रकार आपल्या राज्यात अनेकदा घडले आहेत. पिवळ्या कण्हेरीचे बी हृदयावर परिणाम करते. गुंजेचे लालकाळे बी दिसावयास मोहक, पण चावले गेल्यास अतिशय विषारी आहे. धोतऱ्याचेही तसेच. खेदाची गोष्ट अशी की, चंद्रज्योतीचे कुंपण मी सर्वांत अधिक शाळांभोवतीच पाहिले आहे. गुरे ते खात नाहीत म्हणून ते लावले गेले. गुरे का खात नाहीत, हा विचार कोणी केला नाही.

घशात अडकणाऱ्या वस्तूंची यादी आपल्याकडे घराघरांत सारखीच आहे : शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोरांच्या व सीताफळाच्या बिया, नाणी, मणी. चार वर्षांखालील मुलाला शेंगदाणे अख्खे देऊ नयेत. कूट करून किंवा लाडवात द्यावे. खाता खाता मुलाला एकाएकी ठसका लागला, तो थांबला आणि नंतर अनेक दिवस खोकला व घरघर राहिली, तर दाणा श्वासनलिकेत उतरल्याचा संशय धरून डॉक्टरांना ती हकीकत आठवणीने सांगावी. खेळण्यांतील बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली गेल्यास मात्र एक घटकाही थांबू नये. ती दोन तासांच्या आत अन्ननलिकेला भोक पडण्याइतकी इजा करू लागते. श्वास पूर्ण कोंडला असेल तर वर्षाआतील मुलास हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा व मग उताणे करून छातीवर पाच दाब. वर्षावरील मुलास पाठीवर पाच थापा व मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके द्यावेत, आणि अडकलेली वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये. हाही सराव वर सांगितलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच घ्यावा.

विंचू व साप यांविषयी थोडक्यात लिहितो. लाल विंचवाचा दंश लहान मुलास प्राणघातक असू शकतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी कोकणात अशा दंशाने मुले हमखास दगावत अशी जी धास्ती होती, ती या उपचाराने पुष्कळ कमी झाली. दंशानंतर घाम, ओकारी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसू लागण्याची वाटही न पाहता आरोग्य केंद्र गाठावे. मंत्र व उतारा यांत गेलेला तास परत येत नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरते व तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर निजणाऱ्या कुटुंबाने मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. सरपणाचा ढीग व विटांची रास निजण्याच्या भिंतीला लागून नसावी. विजेसंबंधी एवढेच, की तीस मिलिअँपियरच्या गळतीला प्रवाह तोडणारे यंत्र घरच्या फलकावर बसवून घ्यावे. मराठवाडा-विदर्भाकडे उन्हाळ्यात पत्र्याचे कूलर वापरणाऱ्यांनी तर अवश्य. साडीच्या झोळीत तान्हे मूल निजवावे, पण जाणत्या भावंडांनी तिला झोपाळा समजून पीळ घालीत खेळू नये. कापड मानेभोवती आवळते.

आता आपल्या कामाकडे येतो. शिक्षकाने घरोघर जाऊन उपदेश करावा असे मी म्हणत नाही. त्यास वेळ नाही आणि उपदेश कोणी ऐकतही नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासात घराचा आराखडा काढावयास द्यावा आणि त्यात पाणी, विस्तव, वीज व औषधे कोठे आहेत ते चार रंगांनी दाखवावयास सांगावे. भूमितीचा व भाषेचा पाठही त्यात होतो. असे आराखडे एका शाळेत पालकसभेच्या दिवशी भिंतीवर लावले होते. एक वडील आपल्या मुलाच्या आराखड्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी गोठ्यातील फवारणीचे औषध कुलपात घातल्याचे मुलाने वर्गात सांगितले. सभेची वेळ ठेवतानाही विचार व्हावा. सकाळी अकराला बोलावलेल्या सभेस ज्यांच्यासाठी ती आहे त्या स्त्रिया येऊ शकत नाहीत.

मात्र एक दक्षता घ्यावयाची. ‘लहान भावंडाची काळजी घ्या’ असा धडा मुलांना देताना त्याचे ओझे नकळत मोठ्या बहिणीच्या डोक्यावर जाऊन पडते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःचे भान नुकते आलेले असते. ती पाळणाघर होऊ शकत नाही. तिच्या हातून चूक झाली तर ती चूक तिला आयुष्यभर सांभाळावी लागते. आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा तिलाही लागू आहे.

बांगलादेशातील अनुभव या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. तेथे गावोगाव तळी आहेत आणि एक ते चार वर्षांची मुले प्रामुख्याने सकाळच्या वेळी, आई कामात असताना बुडतात, असे पाहणीत दिसून आले. म्हणून गावातच ‘आँचल’ नावाची बालसंगोपन केंद्रे काढण्यात आली. गावातील एक प्रशिक्षित बाई सकाळी नऊ ते एक या वेळेत मुलांना सांभाळते. यंत्र नाही, मोठी इमारत नाही. तरीही त्या गावांत मुलांचे बुडणे मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडे १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी आहे, परंतु तिची शाळा तीन वर्षांपुढील मुलांसाठी. त्याहून लहान मुलांकरिता २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीस जोडून पाळणाघर सुरू करण्याची तरतूद आहे. आपल्या गावी असे पाळणाघर व्हावे म्हणून ग्रामसभेत ठराव मांडावयाचा असेल, तर किती मुलांना त्याची गरज आहे याचा आकडा लागतो. तो आकडा गावात फक्त शाळेपाशी असू शकतो.

त्यासाठी हजेरीपटात एक बदल सुचवितो. गैरहजेरीच्या कारणापुढे आपण बहुधा ‘घरकाम’ असे लिहितो. यापुढे कारण भावंड सांभाळण्याचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे व त्या भावंडाचे वय महिन्यांत नोंदवावे. महिनाअखेर या नोंदींची बेरीज करून एक प्रत अंगणवाडी सेविकेस व एक ग्रामपंचायतीस द्यावी. आणि जोवर काही व्यवस्था होत नाही तोवर जी मुलगी भावाला कडेवर घेऊन येईल तिला परत पाठवू नये. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकावी, चार ठोकळे ठेवावेत. मूल रडेल, पाठ मध्येच थांबेल. तपासणीस मी आलो असता ते रडले तरी चालेल. पुढील भेटीत मी प्रथम ती सतरंजी व हजेरीपटातील तो रकाना पाहीन.